मळ जातो कुठे?

आई लातूरहून पहिल्यांदा अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला आली आणि दुसऱ्याच सकाळी न्हाणीघरातून तक्रार आली. "अरे, तुमच्याकडचा साबण अंगावरून निघतच नाही. दहा तांबे घेतले, तरी बुळबुळीत ते बुळबुळीतच!" टबात बादली-तांब्याची सोय मी तिच्यासाठी मुद्दाम केली होती, पण साबणाचं काही माझ्या डोक्यात नव्हतं. वडी बदलून दिली. तरी पुढच्या सकाळी तेच. तिसऱ्या दिवशी कारण सुचलं, तेव्हा कळलं की ते साबणात नव्हतंच, तळघरात होतं. घराच्या आधीच्या मालकाने तिथे पाणी हलकं करणारी टाकी बसवून ठेवलेली आहे. दर काही आठवड्यांनी तिच्यात मिठाची गोणी रिकामी करायची, एवढाच माझा तिच्याशी संबंध.

लातूरच्या बोअरचं पाणी ज्याने वापरलंय त्याला जड पाणी समजावून सांगावं लागत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठाला पांढरं चढतं. हा सगळा उपद्व्याप पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. साबण पाण्यात पडला की कॅल्शियम त्याला गाठतं, आणि दोघांचा मिळून एक पांढुरका, चिकट, न विरघळणारा साका तयार होतो. बादलीवर बसतो तोच अंगावरही बसतो, केसांवरही बसतो. त्यामुळे साबणाचा बुळबुळीतपणा झटकन जातो आणि हात फिरवला की कातडी कचकचते. तळघरातल्या टाकीतली राळ पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. मग साका होत नाही, अंगावर साबणाचा बारीकसा अंश रेंगाळतो आणि हात घसरतो. म्हणजे आई साठ वर्षं ज्या कचकचीला स्वच्छतेची खूण मानत आली, तिच्यात त्या साक्याच्या थराचा बराच वाटा होता. आणि इथे अंगावर तो थर नव्हता, तर तिला अंघोळ झाल्यासारखंच वाटेना.

हे मी तिला सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता. पण तेव्हापासून साबणाकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. स्वच्छ वाटणं आणि स्वच्छ होणं यांची आपण किती बेमालूम गल्लत करतो! फेस आला, वास आला, कचकच लागली, पाकिटावर जंतू मेल्याचं चित्र दिसलं की आपलं समाधान होतं. साबण खरोखर काय करतो, हा प्रश्न यातल्या एकाही खुणेपाशी सुटत नाही.

करतो ते असं. साबणाचा रेणू टाचणीसारखा. डोक्याला विद्युतभार, त्यामुळे ते पाण्यात रमतं. मागे बारा ते अठरा कार्बनची शेपटी, तेलाच्या जातीची, पाण्यापासून पळणारी. (परदेशी राहणाऱ्या मराठी लेखकाला इथे एक उपमा खुणावतेच : अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. मी ती सोडून देतो. साबणाला घरची आठवण येत नाही.) असे रेणू पाण्यात पडले की शेपट्या लपवायला जागा शोधतात. आधी पृष्ठभागावर गर्दी करतात, डोकी पाण्यात आणि शेपट्या हवेत. त्याने पाण्याचा ताण निम्म्याहून खाली येतो, पाणी धाग्यांत, कातडीच्या सुरकुत्यांत शिरू लागतं. पृष्ठभाग भरला की उरलेले रेणू शेपट्या आत वळवून गोळे करतात. नेहमीच्या एका डिटर्जंटच्या रेणूचे असे गोळे साधारण साठ-साठ रेणूंचे असतात, जाडी चार नॅनोमीटरच्या आसपास. तेलकट थर दिसला की शेपट्या त्यात रुततात. थर कडांनी सुटतो, आक्रसतो, त्याचा थेंब होतो आणि चोळण्याने किंवा खळबळण्याने तो पाण्यात निघून येतो. भोवती सगळी ऋणभारित डोकी, शिवाय क्षारी पाण्यात कापडही ऋणभारितच. समान भार एकमेकांना ढकलतात, म्हणून निघालेला मळ पुन्हा कापडावर बसत नाही. धूळ, काजळी, मृत पेशी, जंतू यांना अंगाला चिकटवून ठेवणारा गोंद बहुधा तो तेलकट थरच असतो. थर सुटला की तेही सुटतात.

या सगळ्या खटाटोपात साबणाने काय नष्ट केलं? काहीच नाही. तेल तेलच राहिलं, धूळ धूळच. बादलीतलं काळं पाणी आटवून पाहिलं, तर सदऱ्यावरचा सगळा मळ तिथे सापडेल आणि वर साबणही. म्हणजे धुणं हे स्थलांतर आहे. आणि स्थलांतर म्हटलं की विचारावं लागतं, कुठे? माझी तक्रार अशी की साबणाबद्दलचं आपलं सगळं बोलणं, जाहिरातीतलं, स्वयंपाकघरातलं आणि सोवळ्या-ओवळ्यातलंही, हा एकच प्रश्न टाळण्यासाठी रचलेलं आहे.

आधी 'मारण्या'ची भाषा घेऊ. साबणाच्या पाकिटावर जंतू तडफडून मरत असतात. करोनासारख्या काही विषाणूंभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाने फाटतं, हे खरं. पण हात धुण्याचं मोठं काम जंतूंना हातावरून उचलून मोरीत सोडणं हेच. त्यासाठी वेगळं विष लागत नाही. याचा फार चांगला पुरावा कराचीतून आला. तिथल्या गरीब वस्त्यांत केलेला हात धुण्याचा अभ्यास २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांना साधा साबण दिला, काहींना जंतुनाशक मिसळलेला, काहींना साबण दिलाच नाही. साबणवाल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांतला न्यूमोनिया निम्म्यावर आला, पंधरा वर्षांखालच्यांतली हगवण ५३ टक्क्यांनी घटली. साध्या आणि जंतुनाशक साबणात मात्र फरक दिसला नाही. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन धरून एकोणीस जंतुनाशकांना घरगुती हात-अंग धुण्याच्या साबणांत मनाई केली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत हे उत्पादकांना दाखवून देता आलं नाही, हे एक कारण. 'मारतो' या शब्दात मात्र एक सोय आहे. मेलेल्याचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. 'हलवतो' म्हटलं की विचारावं लागतं.

दुसरी भाषा 'केमिकल-फ्री'ची. इथल्या शनिवारच्या बाजारात हाताने बनवलेल्या साबणाची सुंदर दुकानं लागतात, लव्हेंडरचा वास, ओबडधोबड वड्या, वर सुतळीची गाठ. एकदा विकणाऱ्या बाईंनी मला मोठ्या प्रेमाने सांगितलं की यात कॉस्टिक अजिबात नाही. वडीत आता नसेल, मान्य. पण कॉस्टिकशिवाय ती वडी झालीच नसती. तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला लोंबणाऱ्या तीन स्निग्धाम्लांच्या शेपट्या. तीव्र क्षार त्या शेपट्या तोडतो, प्रत्येकीच्या टोकाला सोडियम बसतं, तो झाला साबण. ग्लिसरीन बाजूला होतं. हे फ्रान्सच्या मिशेल शेव्रलने उलगडलं, त्याचा ग्रंथ १८२३ चा. तेल क्षारात नुसतं मिसळत नाही, तुटतं, हे त्याआधी कोणाला नीट कळलेलं नव्हतं. आणि साबण तर त्याच्याही कितीतरी शतकं आधीपासून बनत होता.

क्षार पूर्वी राखेतून यायचा. इथे गावाच्या नावाची गंमत सांगायला हवी. अ‍ॅशबर्नचं जुनं नाव फार्मवेल. १८९६ मध्ये ते बदललं. सांगतात, इथल्या एका शेतातल्या अ‍ॅश जातीच्या झाडावर वीज पडली आणि ते कित्येक दिवस धुमसत राहिलं. दंतकथाच असावी. पण इंग्रजीत अ‍ॅश म्हणजे झाडही आणि राखही, त्यामुळे मराठी कानाला हे गाव 'राख-जळीत' असंच ऐकू येतं. आणि योगायोगाने ते साबणाला शोभतं. जुन्या व्हर्जिनियातल्या शेतघरांत चुलीच्या राखेतून पाणी गाळून क्षार काढत, त्यात डुकराची चरबी उकळून पातळसर साबण करत. आपल्याकडे राख आणि नारळाचा काथ्या मोरीत असायचा. आजी तेलकट कढई राखेने घासायची, तेव्हा राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट कढईच्या ओशटपणाशी जुळून थोडासा साबण तिथल्या तिथे बनत होता. उरलेलं काम राखेच्या खरखरीचं आणि आजीच्या मनगटाचं. 'नैसर्गिक' म्हणून आज ज्याचं कौतुक होतं, ते आजीच्या हातात चक्क रसायन होतं, आणि हाताला भेगा पाडणारं.

रिठा-शिकेकाईलाही हेच. त्यांतली सॅपोनिनं साबणासारखीच दुतोंडी असतात, फक्त सौम्य. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तर रसायनशास्त्र चढत्या क्रमाने लावलेलं आहे : आधी तेल, कारण जुन्या तेलाला नवं तेलच विरघळवतं, मग ते शोषणारं उटणं, मग गरम पाणी. साबण आला तो या सगळ्यानंतर, शेवटचा पाहुणा. तरी आता तो नसला तर पहिली अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. अ‍ॅशबर्नच्या भारतीय दुकानांत दिवाळीच्या आधी आम्ही गोल मोती साबण शोधत फिरतो, त्याचं कारण काही रासायनिक नाही.

कुळाचा प्रश्नही रेणू सोडवत नाही. विलायती साबणात जनावराची चरबी असे, म्हणून आपल्याकडच्या कितीतरी घरांत तो उंबऱ्याबाहेर राहिला. कुलपं आणि तिजोऱ्यांमुळे नाव झालेल्या आर्देशीर गोदरेजांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत वनस्पती तेलाचा साबण काढला. 'चावी' छापाचा. स्वदेशीच्या काळात तो साबण म्हणजे एकाच वेळी धंदा, देशभक्ती आणि सोवळं होता. आजही इथल्या दुकानात वडीच्या पाठीवरचं सोडियम टॅलोएट वाचून ती परत ठेवणारे आमचे लोक मी रोज पाहतो, मीही ठेवतो. पण ठेवताना मला ठाऊक असतं की गाईच्या चरबीतून आलेलं स्टिअरिक आम्ल आणि पामच्या फळातून आलेलं स्टिअरिक आम्ल यांत कोणतीही प्रयोगशाळा रेणूकडे पाहून भेद करू शकणार नाही. माझा निर्णय गाईबद्दलचा आहे, साबणाबद्दलचा नाही. तो तसाच सांगावा, 'ती चरबी त्वचेला वाईट' वगैरे शास्त्राची झूल त्याच्यावर घालू नये. शिवाय पामच्या शुद्धतेसाठी इंडोनेशियात जंगल पडतं, हाही मळाच्या स्थलांतराचाच एक प्रकार.

फेसाबद्दल फार लिहायला नको. फेस म्हणजे साबणाच्या पाण्याच्या पडद्यात कोंडलेली हवा. साबण अजून शिल्लक आहे एवढंच तो सांगतो. इथल्या कमी पाण्याच्या यंत्रांत फेस जास्त झाला तर कपडे एकमेकांवर आपटतच नाहीत, गादीवर लोळल्यासारखे लोळतात आणि मळके निघतात. म्हणून त्यांच्या पावडरी मुद्दाम फेस मारणाऱ्या असतात. आईला त्या पावडरीवर विश्वास नाही. काचेतून पाहत बसते आणि म्हणते, हे धुतंय की नुसतं भिजवतंय?

तिच्या-माझ्यातला खरा वाद हळदीवर झाला. कांदेपोहे करताना तिच्या पांढऱ्या सुती साडीवर फोडणी उडाली. साबण लावल्याबरोबर डाग लालभडक झाला आणि ती दचकली. साठ वर्षांत हजार वेळा पाहिलेलं, पण परक्या देशात प्रत्येक गोष्ट अपशकुनी वाटते. हळदीतलं कुर्कुमिन क्षारात लाल होतं, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. म्हणजे धुणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात क्षणभर कुंकू तयार होतं. हा डाग साबणाला दाद देत नाही, कारण रंग धाग्यात शिरलेला असतो. त्याला जालीम उपाय ऊन. प्रकाशाने कुर्कुमिनचा रेणू तुटतो. आतापर्यंतच्या कहाणीत मळ खरोखर नष्ट होण्याचा हा पहिला प्रसंग, आणि तो साबणाने केलेला नाही. आई म्हणाली, दोरी बांध. मी म्हणालो, बांधता येत नाही. आमच्या वसाहतीच्या नियमावलीत बाहेर कपडे वाळत घालायला मनाई आहे, वस्तीची शोभा जाते म्हणून. तिला हे दोनदा समजावून सांगावं लागलं. धुतलेला कपडा दिसणं ही घाण, असं मानणारी माणसं असू शकतात, हे तिच्या पचनी पडेना. शेवटी आम्ही साडी मागच्या डेकवर खुर्चीच्या पाठीवर टाकली, जणू कोणी विसरून गेलंय. दोन दुपारींत डाग फिका झाला.

पण त्या नियमावलीत मला आपलंच जुनं काहीतरी दिसलं. स्वच्छता हवी, तिचं काम दिसायला नको.

गावगाड्यात हे काम परिटाकडे होतं, बारा बलुतेदारांतला एक. गावाचे कपडे तो नेई, सोड्यात भिजवून भट्टी लावी, नदीच्या धोंड्यावर आपटून परत आणी. बाळंतिणीची लुगडी, विटाळाची वस्त्रं, सुतकातले कपडे, जे घरच्यांनाही शिवायला नको ते त्याच्याकडे. मळ घरातून निघून त्याच्या घाटावर आणि त्याच्या नावावर गेला. ज्याच्या हाताने आपण स्वच्छ झालो त्याला खालचा ठरवणं ही या समाजाची हिशेबाची पद्धत. रसायनाच्या भाषेत सांगायचं तर आपण मळासोबत साबणही मोरीत सोडला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये परिटाच्या घरी जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावात शिरत, आधी गटारं आणि रस्ते झाडत, मग संध्याकाळी कीर्तनाला उभे राहत. हा क्रम फार बोलका आहे. आपण त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धा घेतल्या, बक्षिसं वाटली. पण खराटा हातात घेणारा माणूस कोण असतो, या त्यांच्या आयुष्यानेच विचारलेल्या प्रश्नाला बक्षीस नव्हतं.

धुणाऱ्यांनी पाण्याकडे जितकं बारकाईने पाहिलं असेल, तितकं विद्यापीठांनी पाहिलं नाही, असं मला कधीकधी वाटतं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात अ‍ॅग्नेस पॉकेल्स नावाची बाई होती. मुलींना तेव्हा तिथे विद्यापीठाची दारं बंद, म्हणून ही घरी आजारी आई-वडिलांचं करत होती. भांड्यांच्या पाण्यावर ओशटपणाचा तवंग कसा पसरतो, साबणाने तो कसा पळतो, हे रोज पाहून पाहून तिने पत्र्याचं उथळ पन्हाळं आणि तराजूला टांगलेलं एक बटण, एवढ्यावर पाण्याचा पृष्ठताण मोजण्याचं साधन केलं. १८९१ मध्ये तिने भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेंना पत्र लिहिलं आणि रॅलेंनी मोठ्या मनाने ते 'नेचर'मध्ये छापून आणलं. पृष्ठभागाच्या शास्त्राचा एक पाया असा भांडी घासण्याच्या जागेवर घातला गेला. आपल्या घाटांवरच्या परिटांना आणि मोरीतल्या बायकांना कोणी रॅले भेटला नाही.

कोकणातल्या घरांत मोरीचं पाणी मागच्या बाजूला अळूत, केळीत, माडाच्या आळ्यात जायचं. अंघोळ झाली की अळू डोलायचं. मळ गेला कुठे हे घरातल्या लहान मुलालाही दिसत होतं, आणि त्याच अळूचं फतफतं ताटात येत होतं. मी त्या व्यवस्थेचे गोडवे गात नाही. तिथे पाणी तुंबायचं, डास व्हायचे. पण तिथे मळाचा पत्ता ठाऊक होता, आणि शहराने पहिल्यांदा तो पत्ताच पुसला.

पुसल्याचा परिणाम आळंदीला दिसतो. इंद्रायणीवर अनेकदा पांढराशुभ्र फेस तरंगतो, कापसाच्या ढिगांसारखा, आणि वारकरी त्यातच स्नान करतात. फेस म्हणजे स्वच्छता हे समीकरण तिथे उलटं होऊन समोर उभं राहतं. वरच्या शहराचं आणि कारखान्यांचं नीट न शुद्ध केलेलं सांडपाणी नदीत येतं, त्यात डिटर्जंट असतात. आजच्या डिटर्जंटांचा मुख्य रेणू सरळ शेपटीचा असतो, आणि भरपूर प्राणवायू मिळाला तर जिवाणू तो खाऊन टाकतात. शुद्धीकरण केंद्रात हवा घुसळतात त्याचं एक कारण हेच. प्राणवायू संपलेल्या नदीत त्यांना ते जमत नाही. मग बांधावरून पाणी कोसळलं की साबण आपलं जुनं काम करतो, हवा कोंडतो. सरळ शेपटी हीसुद्धा शिकून घेतलेली गोष्ट आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत फांद्या फुटलेल्या शेपटीचा स्वस्त रेणू वापरत. जिवाणूंना त्या फांद्यांवरून पुढे सरकता येईना, नद्यांवर फेसाचे डोंगर झाले, काही ठिकाणी विहिरीच्या पाण्यालाही फेस येऊ लागला. १९६५ मध्ये इथल्या उद्योगाने रेणू बदलला. कपडे पूर्वीइतकेच स्वच्छ निघत राहिले. बदल फक्त पुढच्या मुक्कामासाठी होता.

दुसरी गोष्ट फॉस्फेटची, आणि ती थेट आमच्या अंगणातली. जड पाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवायला पावडरीत फॉस्फेट घालत. फार गुणी पदार्थ. पण पिकाला जसं ते खत, तसं शेवाळालाही. अ‍ॅशबर्नचं पाणी ब्रॉड रन नावाच्या ओढ्यातून पोटोमॅकला आणि पोटोमॅक चेसापीकच्या उपसागराला मिळतं. तिथे शेवाळ माजलं, मेलं, कुजलं, कुजताना त्याने पाण्यातला प्राणवायू ओढला, आणि उन्हाळ्यात खोल पाणी खेकड्या-माशांना राहण्यालायक उरेना. मेरिलंडने १९८५ मध्ये आणि व्हर्जिनियाने १९८८ मध्ये कपड्यांच्या पावडरीतल्या फॉस्फेटला बंदी केली. भांडी धुण्याच्या यंत्रांची पावडर मात्र सुटली होती. तिची पाळी २०१० मध्ये आली, व्हर्जिनियासह सोळा राज्यांत एकदम. तेव्हा काचेच्या ग्लासांवर पांढुरका थर राहतो म्हणून घरोघर आरडाओरडा झाला. शंभर मैलांवरच्या खेकड्याला श्वास घेता यावा म्हणून माझा ग्लास थोडा धुरकट राहील, एवढीच ती देवाणघेवाण होती. मला ती स्वस्त वाटते. पण ती करावी लागली कायद्याने, कारण ग्लास मला दिसतो आणि खेकडा दिसत नाही.

आज आमचं बरंचसं सांडपाणी अ‍ॅशबर्नमधल्याच ब्रॉड रन शुद्धीकरण केंद्रात जातं, काही वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स केंद्राकडे. ब्रॉड रनचं केंद्र २००८ पासून चालू आहे. जिवाणू, बारीक छिद्रांचे पडदे, कोळसा, अतिनील प्रकाश असे टप्पे पार करून पाणी ओढ्यात सुटतं. त्यातला काही हिस्सा मात्र जांभळ्या नळांतून वेगळ्या गिऱ्हाइकांकडे वळतो. अ‍ॅशबर्न डेटा सेंटरांचं गाव आहे. जगाच्या इंटरनेटचा प्रचंड मोठा भार इथल्या खिडक्या नसलेल्या राखाडी इमारतींतून वाहतो, आणि आमच्यातली कितीतरी मराठी मंडळी त्याच भारावर पोट भरतात. यंत्रं तापतात, त्यांना गार करायला पाणी लागतं, आणि काही सेंटरं हे शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतात. आईच्या अंघोळीचं पाणी एखाद्या दिवशी तिच्याच नातवाचा व्हिडिओ साठवणाऱ्या यंत्राला गार करत असेल. हे ऐकून ती हसली. अळूसारखंच की, म्हणाली.

अळूसारखंच, फक्त मीठ सोडून. जिवाणू साबण खातात, तेल खातात. फॉस्फरस रसायनाने खाली बसवता येतो. पण सोडियम आणि क्लोराइड कोणी खात नाही, पडद्यातून ते सरळ निघून जातं. गार करण्याच्या मनोऱ्यात पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा मीठ मागे राहतं, आणखी दाट होऊन. माझ्या तळघरातल्या टाकीत मी जी गोणी ओततो ती राळ धुऊन अख्खीच्या अख्खी ओढ्याच्या वाटेला लागते. हिवाळ्यात रस्त्यांवर पसरतात ते मीठ याहून कितीतरी जास्त, हे मला माहीत आहे. म्हणून माझी गोणी हलकी होत नाही.

गेल्या महिन्यात मी टाकीची झडप फिरवून पाणी तिच्या बाजूने काढून दिलं. थोडं ब्रॉड रनसाठी, पण खरं सांगायचं तर आईच्या रोजच्या कुरकुरीसाठी जास्त. इथलं पाणी लातूरइतकं जड नाही, तरी दुसऱ्या सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली ती खुशीत. "आज कुठे अंग स्वच्छ झाल्यासारखं वाटतंय." टबाच्या कडेला आता पांढरं वर्तुळ धरतं. शनिवारी मी त्यावर पांढरा व्हिनेगर ओततो, अर्धा तास तसंच ठेवतो आणि जुन्या ब्रशने घासतो. साका सुटतो, पाणी दुधाळ होतं, आणि गुरगुरत खाली जातं.